पप्पांचा ओपनर लेझरवर कापताना: पाच थर, एक बोल्ट आणि विसरलेलं भोक

लेझर कटिंगवरचे बहुतेक व्हिडिओ नावाच्या कीचेनने सुरू होतात आणि मोबाईल स्टँडवर संपतात. दोन्ही चांगलेच आहेत, पण कीचेनवर जोर पडत नाही, त्यामुळे ती चुकत पण नाही. जोर झेलणारी वस्तू कापायला घेतली की लेझर काय करू शकतो आणि काय नाही, ते लगेच कळतं. मी पुण्यात रविवारचा डिजिटल फॅब्रिकेशनचा क्लास केला तेव्हा सरांनी दिलेलं काम असं होतं: घरातली हाताने बनवलेली एक वस्तू घ्या, तिचं डिझाईन नव्याने करा, लेझरवर कापा आणि वापरून दाखवा. मी पप्पांचा बॉटल ओपनर घेतला.

पप्पांचं कराडमध्ये कोल्ड्रिंकचं छोटं दुकान आहे. ओपनर त्यांनी स्वतः केलेला. मोडलेल्या खोऱ्याच्या दांड्याचा तुकडा उभा चिरलेला, खालच्या सपाट बाजूला दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू अर्धवट पिळलेला, मागे भोक आणि त्यात सुतळी. बस्स. तो काउंटरच्या खिळ्याला लटकतो आणि माझ्या आठवणीत तरी कधी बदललेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात घरी गेले तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काचेच्या बाटल्या नव्हत्या, सगळं प्लॅस्टिक. पप्पा म्हणाले, "आता काचेचं कोण घेतंय?" आईने नंतर हळूच सांगितलं की त्यांचा उजव्या अंगठ्याचा मुळाशीचा सांधा दुखतो. दिवसाला चाळीस-पन्नास बाटल्या उघडणं होत नाही, म्हणून क्रेट घेणंच बंद केलं. त्यामुळे माझ्यासाठी हे क्लासपुरतं होमवर्क राहिलं नव्हतं.

आधी झाकण समजून घ्या

काचेच्या बाटलीवरचं ते दातेरी पत्र्याचं झाकण म्हणजे क्राउन कॅप. अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि दोनच वर्षांनी, १८९४ मध्ये, ते काढायच्या ओपनरचं. झाकण आतल्या गॅसचा दाब धरून ठेवतं, म्हणजे ते हाताने निघायला नको आणि अवजाराने पटकन निघायला हवं. पेंटरच्या झाकणाला २४ दात होते, आजच्याला २१ असतात. घरी मोजून बघा. (आमच्याकडे लहानपणी हीच झाकणं ठोकून सपाट करायची, दोन भोकं पाडून दोरा ओवायचा आणि भिंगरी करायची. गोळी सोड्याच्या बाटलीला यातलं काहीच लागत नाही, तिथे गोळी आत ढकलायची असते.)

मी व्हर्नियर कॅलिपरने मोजलं. बाटलीवर बसलेल्या झाकणाचा बाहेरचा व्यास साधारण २९ मिलिमीटर, उंची ६ च्या आसपास. दातांच्या खाली बाटलीचा गळा आत जातो, त्या खोबणीतच ओपनरचा ओठ अडकतो.

आता पप्पांचा ओपनर कसा चालतो ते बघू. लाकडाचं टोक झाकणाच्या वर, मध्याच्या थोडं पलीकडे टेकतं. स्क्रूचं डोकं अलीकडच्या कडेखाली जातं. मूठ वर उचलली की टोक जागेवर राहतं, स्क्रू कड वर ओढतो आणि झाकण सुटतं. शाळेत शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ हीच: टेकू एका टोकाला, भार मध्ये, बळ दुसऱ्या टोकाला. टोकापासून स्क्रूपर्यंत २० मिलिमीटर, टोकापासून हाताच्या पकडीपर्यंत ९५. भागाकार केला तर जोर पावणेपाच पट होतो.

हे गणित मांडल्यावर दुखण्याचं कारण पण दिसलं. दांडा आखूड आणि बारीक आहे. त्यामुळे तो मुठीत धरला जात नाही, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरावा लागतो आणि सगळा ताण नेमका त्या दुखऱ्या सांध्यावर येतो. म्हणजे नवीन ओपनरला दोनच गोष्टी हव्या होत्या: लांबी जास्त आणि मूठ जाड. बाकी नक्षी वगैरे नंतर.

लेझर कापतो म्हणजे काय करतो

क्लासमधलं मशीन सीओटू लेझरचं होतं, ६० वॉटचं. यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे इन्फ्रारेड. आरशांवरून उड्या मारत तो एका लेन्सपर्यंत येतो, लेन्स त्याला बारीक ठिपक्यात गोळा करते आणि त्या ठिपक्याखालचं लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिक जळून, वितळून, वाफ होऊन निघून जातं. वरून हवेचा झोत धूर आणि ज्वाळ बाजूला ढकलतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सीओटू लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये ज्यांनी शोधला, ते कुमार पटेल जन्मले बारामतीत आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या सीओईपीमधून. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं पुण्यात काढली आणि हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं, क्लासमध्ये ऐकलं.

हा लेझर स्टील कापत नाही. चकचकीत धातू ही तरंगलांबी बरीचशी परत फेकतो आणि उरलेली उष्णता झपाट्याने पसरवतो, म्हणून ६० वॉटला पत्र्याचं काही वाकडं होत नाही. पत्रा कापायला फायबर लेझर लागतो, त्याची तरंगलांबी साधारण एक मायक्रोमीटर असते. भोसरी-चाकणच्या बाजूला अशी मशीनं असलेली वर्कशॉप भरपूर आहेत आणि स्टीलचा सपाट ओपनर तिथे सहज कापून मिळेल. पण सरांची अट होती की क्लासच्याच मशीनवर कापायचं.

आणि एक गोष्ट पाठच करा: पीव्हीसी लेझरखाली कधीही घालायचं नाही. रेक्झिन, फ्लेक्स, विनाइल स्टिकर, सगळं यात आलं. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीन पण गंजवतो. साहित्य कशाचं आहे याची खात्री नसेल तर ते कापू नका, दुकानदार काहीही म्हणो.

फोनवरून मापं घ्यायची पद्धत

जुन्या वस्तूचा आकार कॉम्प्युटरमध्ये आणायला स्कॅनर लागत नाही, फोन पुरतो. पण सरळ फोटो काढला तर तो फसवतो. फोन जवळ धरला की मधला भाग मोठा आणि कडा मागे गेलेल्या दिसतात. म्हणून वस्तू जमिनीवर ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, फोन जमेल तितका उंच आणि आडवा धरा आणि २एक्स झूम करून फोटो घ्या. पट्टी वस्तूच्या त्याच उंचीवर हवी. मी पहिल्या वेळी पट्टी जमिनीवर आणि ओपनरची वरची कड २० मिलिमीटर वर, असा फोटो घेतला, आणि ओपनर खऱ्यापेक्षा मोठा आला.

हा फोटो इंकस्केपमध्ये टाकायचा, पट्टीवरचे १०० मिलिमीटर खरोखरचे १०० होतील इतका लहान-मोठा करायचा आणि वरून रेषा काढायच्या. लॅपटॉप नसेल तर ऑनशेप फोनवर चालतं. बोटाने चित्र काढायला वैताग येतो, पण आकडे टाकून मापं देता येतात आणि खरं काम आकड्यांचंच असतं. फोटो वळणांसाठी वापरा, महत्त्वाची मापं मात्र कॅलिपरनेच घ्या.

फाईल मशीनवर नेताना आणखी एक खड्डा आहे. एसव्हीजी फाईलमध्ये कधी कधी मापं पिक्सेलमध्ये जातात. एक सॉफ्टवेअर इंचाला ९६ पिक्सेल धरतं, दुसरं ७२. मग १०० मिलिमीटरची वस्तू कुठे ७५ ची होते, कुठे १३३ ची. सॉफ्टवेअर इंजिनिअर असून मी यात पडले, हे लिहायला जरा लाज वाटते. उपाय अगदी गावठी आहे: प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवा आणि मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर आधी तो मोजा.

पहिले दोन ओपनर का फसले

पहिल्या रविवारी मी बाजारातल्या स्टीलच्या सपाट ओपनरची नक्कल केली. ३ मिलिमीटरचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, एका टोकाला मोठं भोक, भोकात पुढे आलेली जीभ. दिसायला एक नंबर. पहिल्याच बाटलीवर जीभ कट्कन तुटली आणि तुकडा माझ्या चष्म्यावर आपटला. अ‍ॅक्रिलिक ठिसूळ असतं. ते स्टीलसारखं आधी वाकत नाही, थेट तुटतं, आणि तेही आतल्या टोकदार कोपऱ्यापासून, कारण ताण तिथे गोळा होतो. कोपरे गोल केले असते तर अजून दोन बाटल्या चालला असता, इतकंच.

दुसरा ओपनर त्याच आकाराचा, ४ मिलिमीटर प्लायवूडचा. त्याची जीभ झाकणाखाली नीट शिरेनाच, जाड पडत होती. पॉलिश पेपरने घासून पातळ केली तेव्हा शिरली आणि प्लायचा खालचा थर सोलून निघाला.

त्या संध्याकाळी पप्पांचा ओपनर हातात घेऊन बसले होते. लेझर वरून खाली कापतो. तो सपाट आकृती देतो, खोली देत नाही. सपाट आकाराचा ओपनर चालतो तो स्टीलमुळे. पप्पांनी लाकूड लाकडाच्या कामाला लावलं होतं, दाब सोसायला आणि मूठ व्हायला. झाकण ओढायचं काम त्यांनी लोखंडाला दिलं होतं. मी मात्र सगळं काम एकाच तक्त्याकडून करून घ्यायला निघाले होते.

तिसरा: आडवा नाही, उभा

मग आकृतीच फिरवली. ओपनर वरून कसा दिसतो ते कापायचं सोडलं आणि बाजूने कसा दिसतो ते कापलं. एकसारखे पाच तुकडे, एकमेकांवर चिकटवलेले. प्लाय ४ मिलिमीटरचं म्हणून विकत घेतलं, मोजलं तर ३.७ निघालं. पाच थरांची जाडी साडेअठरा मिलिमीटर झाली, मुठीत भरेल अशी. (विकत घेतलेल्या जाडीवर कधीच विश्वास ठेवू नका. एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांत पण फरक सापडतो.)

टोकापासून पकडीपर्यंत १४० मिलिमीटर ठेवले. टोकापासून ओठापर्यंतचे २० तसेच ठेवले, कारण ते झाकणाच्या मापाने ठरतात, आपल्या सोयीने नाही. म्हणजे आता जोर सात पट. पावणेपाचवरून सातवर गेल्यामुळे हाताला लागणारा जोर जवळपास एक तृतीयांशाने कमी झाला.

राहिला ओठ. प्लायच्या कडेत स्क्रू पिळला तर थर फाकतात, एक तुकडा तसा वाया घालवून बघितला. इथे लेझर कटिंगमधली एक जुनी युक्ती कामी आली, तिला टी-स्लॉट म्हणतात. मधल्या थरात इंग्रजी टी अक्षरासारखी खाच कापायची. उभ्या दांडीत बोल्ट बसतो, आडव्या दांडीत नट. नट खाचेत अडकतो, फिरत नाही, त्यामुळे पान्याशिवाय बोल्ट घट्ट होतो आणि लाकडात आटे पाडावे लागत नाहीत. मी ४ मिलिमीटरचा एम४ बोल्ट घेतला. त्याचा नट ७ मिलिमीटर रुंद, म्हणजे एका थरात मावत नाही, म्हणून बाजूच्या दोन्ही थरांत नटापुरती खिडकी ठेवली. पाचही थर चिकटले की नट कायमचा आत. गोंद लावताना तो आट्यांत जाणार नाही एवढं बघा. माझ्या पहिल्या नमुन्यात गेला आणि बोल्ट फिरायचाच बंद झाला.

यातून एक गोष्ट आपोआप मिळाली. बोल्ट पिळला की डोकं वर-खाली होतं, म्हणजे ओठाची फट कमी-जास्त करता येते. मी लाकूड आणि बोल्टच्या डोक्यामधली फट ८ मिलिमीटरवर ठेवली. झाकणाची उंची ६ आणि ओपनर तिरका घालायला थोडी मोकळीक.

खाच किती रुंद कापायची

लेझरची रेषा कागदावर शून्य जाडीची असली तरी लाकडात नसते. ठिपक्याएवढं लाकूड जळून जातं, त्या रुंदीला कर्फ म्हणतात. ४ मिलिमीटरची खाच काढली तर ती ४ पेक्षा मोठी कापली जाते आणि नट आत खुळखुळतो.

कर्फ मोजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. १०० मिलिमीटर लांबीचा आयत काढा, त्याच्या १०-१० मिलिमीटरच्या दहा पट्ट्या कापा, सगळ्या एकमेकींना चिकटवून धरा आणि एकूण लांबी मोजा. माझी ९८.२ आली. १.८ मिलिमीटर हवेत गेलं, ते दहांत वाटलं की कर्फ ०.१८. मग खाच जितकी हवी त्यापेक्षा ०.१८ ने अरुंद काढली. हा आकडा मशीन, लेन्स, साहित्य आणि वेग बदलला की बदलतो, म्हणून माझा उचलू नका, तुमचा काढा. पॉवर आणि स्पीडचंही तसंच. शीटच्या कोपऱ्यात छोटे चौकोन वेगवेगळ्या सेटिंगला कापून बघा आणि जो ढकलल्यावर सहज पडेल तो घ्या. प्लायच्या आत गाठ किंवा गोंदाचा जाड थपका आला तर तिथे कापलं जात नाही. त्यासाठी सगळ्या शीटची पॉवर वाढवू नका, एखादा तुकडा जास्तीचा कापा.

कापण्याआधी वर मास्किंग टेप लावली तर धुराचे डाग पडत नाहीत. कडा मात्र काळ्याच होतात आणि ती काजळी हाताला लागते, म्हणून चिकटवल्यावर १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. एमडीएफ वापरायचा मोह होईल, कारण तो छान कापला जातो. पण दुकानात हात कायम ओले असतात आणि एमडीएफ पाणी पिऊन फुगतो. प्लाय, वॉटरप्रूफ गोंद, रात्रभर क्लॅम्प आणि वरून जवसाच्या तेलाचे दोन हात, एवढं केलं.

मशीन कुठे मिळेल हा प्रश्न हमखास येतो. फॅब लॅब ही कल्पना एमआयटीची, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उभारलेल्या विज्ञान आश्रमात सुरू झाली. मोठ्या शहरांत मेकरस्पेस असतात, इंजिनिअरिंग कॉलेजांत मशीन असतं. तेही नसेल तर ट्रॉफी आणि साईनबोर्डवाल्यांकडे चौकशी करा. त्यांच्याकडे बहुतेक वेळा हेच सीओटू मशीन असतं आणि डीएक्सएफ फाईल नेऊन दिली की ते कापून देतात. मापं मात्र तुम्हीच तपासायची.

कराडला

क्लासमध्ये तो चालला. सरांनी तीन बाटल्या उघडून बघितल्या आणि म्हणाले, "ठीक आहे, पण वापरणारे ते नाहीत ना?"

पुढच्या शनिवारी घरी नेला. पप्पांनी हातात घेऊन उलटापालटा केला, कडा बघितल्या. "जळलाय का गं हा?" मी लेझरचं सांगायला लागले, त्यांनी अर्धवटच ऐकलं. शेजारच्या हॉटेलातून काचेच्या चार बाटल्या मागवल्या. पहिली उघडताना बोल्ट कडेवरून सटकला. दुसरीलाही. माझं तोंड पडलं. त्यांनी काही न बोलता गल्ल्याच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला, बोल्ट एक फेरा आत पिळला आणि तिसरी बाटली उघडली. मुठीत धरून, अंगठा वर न लावता. मग चौथी.

नंतर हिशोब केला. एम४ बोल्टचा एक फेरा म्हणजे ०.७ मिलिमीटर. फट ७.३ ची झाली. मी टेबलावर ठेवलेल्या बाटलीवर, दोन्ही हातांनी, सावकाश उघडून मापं ठरवली होती. ते डाव्या हातात बाटली कलती धरून उघडतात. फाईलच्या टिपणात आता ७.३ लिहिलंय.

"हाताला काय वाटतंय?" मी विचारलं.

"बरंय," ते म्हणाले. मग ओपनर काउंटरच्या खिळ्याकडे नेला आणि थांबले. "सुतळी कुठं बांधायची?"

पाच थर, टी-स्लॉट, कर्फ, सगळं केलं आणि मागचं भोक काढायला मी विसरले होते. जुन्या ओपनरच्या प्रत्येक फोटोत ते दिसतं. दुकानात सुतळीशिवायचा ओपनर दुपारपर्यंत पण टिकत नाही, कुणीतरी बाटलीबरोबर घेऊन जातं. त्यांनी तेव्हापुरता तो गल्ल्याच्या खणात ठेवला आणि खिळ्याला जुनाच राहू दिला.

नव्या फाईलमध्ये मुठीच्या टोकापासून १२ मिलिमीटर आत ६ मिलिमीटरचं भोक आहे, पाचही थरांत. पुढच्या रविवारी दोन कापायचे आहेत. दोन का, तर आईने फोनवर सांगितलं की सोमवारी काचेचा एक क्रेट येतोय आणि शेजारच्या हॉटेलवाल्यालाही एक हवाय.